काटेसाहेबांच्या चोवीस नद्या

दाजी निवृत्त झाले, त्या दिवशी बाजारपेठेतल्या सगळ्या दुकानदारांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानात शिरले की ते आधी तराजूच्या काट्याकडे बघत आणि मग मालकाकडे, म्हणून सगळे त्यांना काटेसाहेब म्हणायचे. ते कोपऱ्यावर दिसले की अख्ख्या रस्त्यावर वजनं फडक्याने पुसली जायची. पैसे खात नसत, चहासुद्धा घेत नसत, त्यामुळे त्यांच्याबद्दल दोन शब्द चांगले बोलायला कोणाला कारणच उरलं नव्हतं. निरोपाच्या कार्यक्रमात खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. दाजींनी ते तिथल्या तिथे मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि ते दीड मिनिट मागे असल्याचं सगळ्यांना सांगितलं.

असा माणूस दिवसभर घरात बसला तर घरच्यांनी जायचं कुठे? दहाव्या दिवशी ताईचा मला फोन आला.

"तुझ्या कारखान्यात यांना काहीतरी काम दे रे," ती म्हणाली. "काल यांनी दुधाची पिशवी मोजली. आज साबणाच्या वड्या मोजल्या. आता माझ्याकडे बघतायत."

माझा कारखाना म्हणजे टायरवाल्याच्या मागची पत्र्याची शेड. मी सुतार आहे, कपाटं, टेबलं, पलंग करतो. माझं टेबल नातवंडांना पुरतं, एवढंच मला माझ्याबद्दल सांगता येतं. दाजी आले, चार दिवस स्टुलावर बसले, आणि माझी टेप एका मीटरमागे एक मिलिमीटर खोटी आहे हे त्यांनी शोधून काढलं. त्याच टेपने मी अठरा वर्षं जगतोय हे ऐकून त्यांना मनापासून वाईट वाटलं. पाचव्या दिवशी ते आलेच नाहीत. मोबाइलवर त्यांना कोणीतरी दोन लाकडांच्या मधे निळं रेझिन ओतताना दिसलं होतं.

रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतली दोन द्रव्यं. एक रेझिन, दुसरं हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळायची, रंग घालायचा, साच्यात ओतायचं, आणि एक-दोन दिवसांत ते काचेसारखं कडक होतं. दोन वेड्यावाकड्या फळ्यांच्या मधे ओतलं की लाकडातून नदी वाहतेय असं दिसतं म्हणे. मला ते शाईची दौत सांडल्यासारखं दिसतं, पण सुताराला लाकडाबद्दल विचारतो कोण. त्यावर ब्रेड, चीज, फळं वगैरे मांडून पाहुण्यांपुढे ठेवायचं. मी त्याला फळी म्हटलं की दाजी दर वेळी दुरुस्त करायचे. "फळी नाही मेहुणेबुवा, बोर्ड. सर्व्हिंग बोर्ड."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराच्या गॅलरीत कार्यशाळा उघडली. ताईच्या कुंड्या जिन्यात गेल्या, कपडे वाळत घालायची दोरी बाथरूममध्ये गेली. दाजींनी तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे असा सरंजाम केला आणि खास मागवलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पहिलं रेझिन मोजलं. दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर, ग्रॅमचाही फरक नाही. बत्तीस वर्षांचा हात होता तो, चुकेल कसा.

पहिला बोर्ड वाळलाच नाही. दोन दिवस, चार दिवस, दहा दिवस झाले, तरी बोट लावलं की बोट चिकटायचं. त्यावर वर्तमानपत्र चिकटलं, मग वर्तमानपत्र काढायला गेलेली ताईची बांगडी चिकटली, आणि एके दिवशी शेजारच्यांचं मांजर त्यावर बसून उठलं ते थोडे केस मागे ठेवूनच. निळ्या नदीला केसाळ काठ आला. दाजींनी पुन्हा मोजलं, पुन्हा ओतलं, पुन्हा चिकट. तिसऱ्या खेपेला त्यांनी भिंग घेऊन बाटलीवरचं लेबल वाचलं. प्रमाण वजनाने नव्हतं, आकारमानाने होतं. खुणा केलेल्या पेल्यात मापून घ्यायचं होतं, काट्यावर नाही. वजनाने मोजल्यामुळे हार्डनर जास्त जात होतं. दाजी शंभर टक्के अचूक चुकत होते.

बाटलीवरचं लेबल वाचलं नाही म्हणून ज्याने कितीतरी दुकानदारांना नोटिसा दिल्या, त्या माणसाने लेबल वाचलं नव्हतं. मी ही गोष्ट टायरवाल्याला सांगितली, त्याने किराणावाल्याला सांगितली, आणि आठवडाभर बाजारात सणासुदीसारखा आनंद होता. खोटं कशाला बोलू, मलाही फार बरं वाटलं.

पण दाजी चिवट. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर हा घडा आपणहून सुलटा होऊन बसला. त्यांनी मापाचे पेले आणले, वही केली, हवेतली उष्णता लिहायला लागले. फुगे घालवायला गरम हवेचा झोत कसा आणि किती लांबून मारायचा, घासताना पॉलिश पेपरचे नंबर कसे चढवत न्यायचे, सगळं शिकले. चार महिन्यांत त्यांच्या नद्या काचेसारख्या झाल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी वाट बघत होतो, ते नऊ दिवस काही संपेनात.

प्रत्येक बोर्डाबरोबर ते स्वतःच्या अक्षरात एक कार्ड द्यायचे. गरम भांडं ठेवू नये. सुरीने कापू नये. पाण्यात बुडवू नये. उन्हात ठेवू नये. ओलं फडकं फिरवून लगेच कोरडं करावं. वाढायच्या बोर्डाकडे नुसतं बघणं सोडून बाकी सगळ्याला बंदी होती. ताईने एकदा त्यावर चहाचा कप ठेवला, तर दाजींनी तो असा उचलला की जणू झोपलेल्या बाळाच्या छातीवर ठेवला होता. तेव्हापासून पाहुणे आले की बोर्ड भिंतीला टेकवून दाखवायचे आणि बिस्किटं जुन्या स्टीलच्या ताटात द्यायची, अशी घरात रीत पडली.

खालच्या मजल्यावर एक हॉटेलवाली राहायची. गॅलरीतून धूळ खाली येते म्हणून ती एक दिवस भांडायला वर आली, तेव्हा मी तिथेच होतो. बाई तोंडाची तिखट, मी ओळखत होतो. तिच्या नव्या हॉटेलाची अकरा टेबलं आणि चव्वेचाळीस खुर्च्या मीच करत होतो. आता दाजींची काही धडगत नाही, या आशेने मी सोफ्यावर नीट सावरून बसलो. तिचं लक्ष भिंतीला टेकवलेल्या बोर्डाकडे गेलं. तिने तो उचलला, खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. भांडण गेलं कुठल्या कुठे.

"काका, हे तुम्ही केलंय?" ती म्हणाली. "मला असे चोवीस हवेत. उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक टेबलावर एक तरी दिसला पाहिजे."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि हो, तुमची टेबलं अगदी साधीच ठेवा हं. म्हणजे यांचे बोर्ड उठून दिसतील."

अकरा टेबलं. सांधे असे की कागदाची कड शिरायची नाही. एक खिळा नाही. तीन महिने माझे गुडघे आणि माझी कंबर त्यांत गेली, ती कशासाठी, तर सहा महिन्यांपूर्वी मांजराचे केस चिकटवणाऱ्या माणसाच्या फळ्या उठून दिसाव्यात म्हणून. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी हसून "हो हो, साधीच ठेवतो" म्हणालो. ताईने तेवढ्यात चहा आणला होता, तो मला कडू लागला.

दोन दिवसांनी दाजी शेडवर आले. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नव्हती, तरी त्या दिवशी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. टायरवाल्याच्या हवेच्या मीटरमधला फरक सांगून झाला, मग म्हणाले, "मेहुणेबुवा, चोवीस बोर्डांचं लाकूड लागेल. तुमच्याकडून घ्यावं असं तुमच्या ताईचं म्हणणं आहे. माझंही आहे."

माझ्या शेडमध्ये लाकूड दोन ठिकाणी असतं. माळ्यावरचं चार वर्षं वाळलेलं, आणि मागच्या भिंतीपाशी रचलेलं ताजं. इंचभर जाडीला एक वर्ष वाळवायचं, हे आमच्या धंद्यातलं पहिलीचं पुस्तक. मागच्या बाजूला शिरीषाच्या फळ्या होत्या. झाड पडून तीन महिने झाले नव्हते. वरून कोरड्या दिसायच्या, रेषाही देखण्या, पण पोटात पाणी तसंच होतं. मी दाजींना मागे नेलं.

"यातल्या घ्या," मी म्हणालो. "रंग छान आहे."

ते वाळलेलं आहे असं मी म्हणालो नाही. ओलं आहे असंही म्हणालो नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. एकदा तोंडावर आपटले की रेझिनचं खूळ डोक्यातून जाईल, ताईच्या कुंड्या गॅलरीत परत येतील, सुंठीवाचून खोकला जाईल, असाही एक पुण्याचा विचार मी त्याला चिकटवला. माणसाला वाईट वागायचं असलं की घरच्यांचं भलं फार लवकर आठवतं. फळ्या मीच माझ्या टेम्पोतून नेऊन दिल्या आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवूनही दिल्या.

दीड महिना दाजी गॅलरीतून बाहेर आले नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी चोवीस बोर्ड माझ्या अकरा टेबलांवर होते. आता खरं सांगायला हरकत नाही, ते सुंदर होते. खिडकीतून ऊन आलं की लाकडाच्या दोन काठांमधलं निळं पाणी आतून पेटल्यासारखं दिसायचं. लोक टेबलावर कोपरं टेकून बोर्डांचं कौतुक करत होते. कोपरं कशावर टेकली आहेत, हे कोणी पाहिलं नाही.

दाजी दाराजवळ उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हात मागे, तपासणीला आल्यासारखे. पेठेतला तोच किराणावाला आला, ज्याचा काटा त्यांनी दोनदा जप्त केला होता. त्याने दाजींना पाहिलं आणि सवयीने थबकला. मग टेबलावरच्या बोर्डावरून हात फिरवला.

"काटेसाहेब, हे तुमचं काम?" तो म्हणाला. "मानलं तुम्हाला."

आणि त्याने हात पुढे केला. दाजींना क्षणभर कळेना की या हाताचं करायचं काय. बत्तीस वर्षांत ते दुकानात शिरल्यावर कोणी आनंदाने हात पुढे केला नव्हता. हा माणूस आयुष्यभर लोकांना नकोसा होत जगला, कामच तसं होतं, आणि आता उतारवयात त्याला आपण कोणाला तरी हवे असावं एवढंच हवं होतं. ते मला त्या दाराशी लख्ख दिसलं. घरी जाऊन त्यांनी ताईला तो हात पुढे करण्याचा प्रसंग चार वेळा सांगितला, आणि ताईने तो मला फोनवर दोन वेळा सांगितला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोर्ड परत घ्या, दुसरं लाकूड देतो, एवढंच म्हणायचं होतं. मी मूग गिळून बसलो. मनात म्हटलं, कदाचित काही होणारही नाही.

हॉटेलात दिवसभर एसी चालायचा. कोरड्या गार हवेने फळ्यांमधलं पाणी ओढायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात पहिला बोर्ड वाकला. मग रोज एकदोन. लाकूड आकसलं, नदी आकसत नाही, मग दोघांची फारकत झाली. नदीच्या दोन्ही काठांना नखभर फटी पडल्या, त्यांत पावाचा चुरा आणि सॉस जाऊन बसला. काही बोर्ड होडीसारखे झाले. एका गिऱ्हाइकासमोर ठेवलेली सूपची वाटी बोर्डावरून आपोआप घसरत गेली आणि त्याच्या मांडीवर रिकामी झाली. जेवता जेवता मधेच टक् असा आवाज यायचा आणि लोक दचकून छताकडे बघायचे.

हॉटेलवालीने आम्हा दोघांनाही बोलावलं. दुपारची वेळ, हॉटेल रिकामं, चोवीस बोर्ड एकावर एक रचलेले. रचलेले म्हणजे काय, वाकड्यावर वाकडं जेवढं राहील तेवढं.

"तुम्ही सुतार आहात, तुम्ही सांगा," ती मला म्हणाली. "हे लाकडाचं झालंय की यांच्या त्या केमिकलचं?"

मी एक बोर्ड उचलला आणि उगाच उलटसुलट बघायला लागलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात भर दुपारी ते पडलं होतं.

"चूक माझी आहे," दाजी म्हणाले. "हार्डनर मोजायला चुकलो. लाकडात काही दोष नाही. सगळे बोर्ड परत नेतो, आणि तुम्हाला दुसरे द्यायची संधी दिलीत तर देईन."

दाजी मोजायला चुकले, असं दाजींच्या तोंडून मी ऐकलं. बाईने हात जोडून आधी हे इथून उचला म्हणून सांगितलं, पुढचं पुढे बघू. आम्ही बोर्ड टेम्पोत भरले. दाजी माझ्या शेजारी बसले. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली.

"फळ्या ओल्या होत्या, मेहुणेबुवा," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, एखाद्या दुकानात नोंद सांगतात तसा.

"तुम्हाला कधी कळलं?" मी समोर बघतच विचारलं.

"तिसऱ्या-चौथ्या दिवशी. एक फळी रोज सकाळी काट्यावर ठेवत होतो. रोज वीस-पंचवीस ग्रॅम कमी भरायची. सलग पंधरा दिवस. पाणीच उडत होतं, दुसरं काय."

"मग ओतलंत कशाला?"

"तुमच्या ताईला म्हटलं, लाकूड ओलं दिसतंय, परत देऊन येतो. ती म्हणाली, माझा भाऊ मला ओलं लाकूड देणार नाही. तुमचाच काटा बिघडला असेल." त्यांनी खिडकीची काच खाली केली. "मग मी काटा बिघडला असं धरलं."

"काटा बिघडला होता?"

"छे. मी रोज तपासतो तो."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. सिग्नल कधीच हिरवा झाला होता. मी गाडी पुढे काढली, पण मला धड काही दिसत नव्हतं. बत्तीस वर्षं ज्या माणसाने कोणाच्या शब्दापायी काट्याला खोटं ठरवलं नाही, त्याने ते एकदाच केलं होतं, आणि ते माझ्यापायी. मला माझी लाज वाटली. एवढी की त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते, पण ते आपले खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत बसले होते.

"हॉटेलात माझं नाव का नाही घेतलंत?" मी विचारलं.

"घेतलं असतं तर ते घरी पोचलं असतं," दाजी म्हणाले. "आणि मग मला रोज जेवताना तेच ऐकावं लागलं असतं. तुमच्या ताईला काही सांगू नका."

आम्ही चोवीस बोर्ड तीन मजले चढवले. ताईने दारातच एक वाकडा बोर्ड हातात घेतला आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"तरी मी सांगत होते, घाई करू नका. एवढं चांगलं लाकूड याने स्वतः आणून दिलं, स्वतः वर चढवून दिलं, त्याचं काय करून ठेवलंत हे? लोकांसमोर यालाही मान खाली घालायला लावलीत."

"हो, चुकलंच माझं," दाजी म्हणाले आणि बूट काढायला खाली बसले. खाली वाकून त्यांनी बुटाची नाडी सोडायला बराच वेळ लावला.

मी तिथून निघून जाऊ शकलो असतो. त्यांनी मला पुरतं सोडवलं होतं. पण ती त्या माणसाला बोलतच होती, आणि दर वाक्याला माझं कौतुक करत होती, आणि ते मला सोसेना.

"ताई, लाकूड ओलं होतं," मी म्हणालो. "मला माहीत होतं. माळ्यावर वाळलेलं होतं, ते मी दिलं नाही."

मी मनाची तयारी करून उभा होतो. ती माझ्यावर ओरडेल, रडेल, का दिलंस म्हणून विचारेल, तर काय सांगायचं तेही मी जुळवत होतो. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती दाजींकडे वळली.

"म्हणजे तुमचा काटा बरोबर होता," ती म्हणाली.

"असू दे आता," दाजी पुटपुटले. कमी वजन भरताना स्वतःच सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी माळ्यावरच्या फळ्या उतरवल्या, चार वर्षं वाळलेल्या, माझ्या पुढच्या कपाटासाठी राखलेल्या, सगळ्यात चांगल्या. हॉटेलवाली आधी सहा बोर्ड बघायला तयार झाली होती. मी एकटाच त्या फळ्या खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेलो. ताईने दार उघडलं, मला आत घेतलं, पंखा लावला, पाण्याचा ग्लास हातात दिला. जेवून जा म्हणाली. पूर्वीपेक्षा एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मग दाराशी टेकवलेल्या फळ्यांकडे बघत तिने गॅलरीकडे तोंड करून हाक मारली.

"अहो, याने लाकूड आणलंय. आधी काट्यावर ठेवा. पंधरा दिवस."